दिवे तर लागतात

माझ्या वडिलांना शेवटपर्यंत नीट दिसत होतं. ज्या माणसानं त्यांना चारचौघांत आंधळं ठरवलं, त्याच्याच तोंडून मला ते वदवून घ्यायचं होतं. एवढ्यासाठी मी त्यांची जुनी गाडी दुरुस्त केली. नांदेडला आमच्या गल्लीत लोक समजतात की बाईला जुन्या गाड्यांची हौस आहे. तसली हौस मला कधीच नव्हती.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. लातूरला गंजगोलाईत त्यांचं आणि काकांचं सामायिक भांड्यांचं दुकान. गाडी आप्पांनी ऐन तारुण्यात घेतलेली, पांढरी, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आमच्या लहानपणी अख्खं कुटुंब तिच्यात कोंबून ते माहूरला घेऊन जायचे. नंतर नव्या गाड्या आल्या तरी त्यांनी हिला सोडलं नाही. मुरुडजवळ आमचं शेत आहे. दर आठवड्याला ते आणि अव्वा, म्हणजे माझी आई, तिच्यातून शेतावर जायचे आणि दिवस मावळायच्या सुमाराला परत निघायचे.

अशाच एका संध्याकाळी परत येताना गाडीचे दोन्ही दिवे एकदम गेले. समोरून ट्रक येत होता. आप्पांनी गाडी डावीकडे घेतली, ती खड्ड्यात उतरली आणि बाभळीला टेकून थांबली. अव्वाचं मनगट मोडलं. आप्पांना खरचटलंसुद्धा नाही, आणि पुढं लोकांनी तेच त्यांच्या विरोधात धरलं, बायकोचा हात मोडला आणि ह्यांना काही नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी, माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा नवरा, गाडी काढायला गेला. लग्नानंतर तो आमच्याच दुकानात लागला होता आणि काकांचा उजवा हात झाला होता. त्यानं खड्ड्यात उतरून दिव्यांचं बटण ओढलं. दिवे लागले. तो घरी आला, तेव्हा बैठकीत सगळे जमलेले होते. मीही नांदेडहून पोचले होते. दाजीनं चावी काकांच्या हातात दिली आणि आप्पांकडे न बघता म्हणाला, "दिवे तर लागतात, मामा."

आप्पा म्हणाले, "रात्री गेले होते."

"गेलेले दिवे आपोआप कसे येतील? तुम्हाला दिसलं नसंल. वय झालं की व्हतं तसं."

तो हे इतक्या मायेनं म्हणाला की बैठकीतल्या बायकांनी मान हलवली. मग आप्पांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण आत्ता काळजीचं काही नाही. दाजीनं त्यातला पहिला अर्धा भाग गंजगोलाईभर सांगितला. गाडी गोदामात ताडपत्रीखाली गेली. थोड्या दिवसांनी काकांनी आप्पांना सांगितलं की आता दुकानात यायची दगदग करू नका. गिऱ्हाइकाला भांडं दाखवताना हातून काही पडलं, लागलं, तर उगीच नसती कटकट. आप्पांच्या गादीवर दाजी बसू लागला.

मी काकांशी भांडले. आप्पांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास होता, पण नुसत्या विश्वासानं कोण ऐकणार? दाजीकडे लागणारे दिवे होते आणि माझ्याकडे म्हाताऱ्या माणसाचा शब्द. आप्पा मात्र भांडले नाहीत. ते रोज संध्याकाळी घराच्या कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे. निलंगा. उदगीर. औसा. देगलूर. जाणारे-येणारे हसायचे, म्हणायचे आप्पा चळले. ते कुणाला काय दाखवत होते हे फक्त मला आणि अव्वाला कळत होतं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. शेतातच, लिंबाखाली, त्यांची समाधी आहे.

ते गेल्यावर अव्वा माझ्याकडे नांदेडला आली. आणि दाजीनं गाडी भंगारवाल्याला द्यायची बोलणी केली. ते कळल्यावर मी लातूरला गेले आणि काकांना सांगितलं, गाडी मला हवी.

दाजी हसला. "तुला काय करायचंय त्या डबड्याचं? कोंबड्या पाळणार हायेस का?"

ट्रकवर घालून गाडी नांदेडला आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली.

मी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. विजेचे प्रयोग मांडणं, बिघडलेली मीटरं ठीक करणं, पोरांनी उलटसुलट जोडलेल्या तारा सरळ करणं हे माझं रोजचं काम. गाडीचं मला काही कळत नव्हतं, पण करंट सगळीकडे सारखाच वागतो. गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियननं गाडी बघितली आणि म्हणाला, "ताई, जुनी वायरिंग सगळी काढून टाकू, नवीन घालू, विषय संपला." त्याचा सल्ला चुकीचा नव्हता. पण मला विषय संपवायचा नव्हता. जुनी वायरिंग काढून टाकली असती, तर दिवे का गेले हे तिच्याबरोबर कचऱ्यात गेलं असतं.

नवी बॅटरी आणली, जोडली आणि बटण ओढलं. दोन्ही दिवे लख्ख लागले. क्षणभर मला बैठकीतला तो आवाज ऐकू आला. मी बटण बंद केलं नाही. पाटावर बसून दिव्यांकडे बघत राहिले. अव्वानं चहा आणून दिला, तो गार झाला. आणि मग दोन्ही दिवे एकदम विझले. एकदाही न मिणमिणता.

मी अव्वाला हाक मारली. ती दारात आली. मी म्हटलं, "गेले."

ती म्हणाली, "मग? त्या दिवशी असंच झालं. मी बाजूलाच बसली होती की. मला कुणी इचारलंच न्हाई."

ते खरं होतं. मोडलेला हात गळ्यात बांधून ती त्याच बैठकीत बसली होती आणि तिला कुणीही विचारलं नव्हतं.

गाडी गार झाल्यावर बटण ओढलं तर दिवे पुन्हा लागले. म्हणजे दोष थंडपणी लपून बसणारा होता. तापलं की तुटतं, निवलं की जुळतं. रात्रभर निवलेल्या गाडीत सकाळी बटण ओढणाऱ्याला ते दिसणारच नव्हतं.

त्यानंतर कॉलेजातून आले की मी शेडमध्ये. आधी अर्थिंग बघितलं. गाडीत बॅटरीचं एक टोक थेट पत्र्याला जोडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याची एक तार जवळच्या पत्र्यालाच कसलेली असते. ते स्क्रू गंजून गेले होते. पॉलिशपेपरनं घासून काढले, पत्रा चकचकीत केला, पुन्हा कसले. उजेड वाढला, पण तापल्यावर दिवे गेलेच. मग डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत वर-खाली करणाऱ्या बटणावर, संशय गेला. या गाडीत डिपर पायाखाली असतो, क्लचच्या बाजूला, त्यामुळे वर्षानुवर्षांची माती त्यात जाऊन बसलेली. तो उघडून धुतला, आतल्या पट्ट्या साफ केल्या. दिवे गेलेच. मग डिपर पूर्ण बाजूला काढून त्याच्या तारा थेट जोडून बघितल्या. तरी गेले. डिपर सुटला, निर्दोष.

दिवे गेलेले असताना हॉर्न वाजत होता आणि पुढचे छोटे दिवेही चालू राहत होते. म्हणजे बॅटरीकडून येणारी मुख्य तार चांगली होती. दिवे गेल्या गेल्या मी टेस्ट लॅम्प, म्हणजे तारेला लावलेला साधा छोटा बल्ब, डॅशबोर्डवरच्या बटणाच्या मागं टेकवला. पेटला. तोच खाली डिपरकडे येणाऱ्या तारेला टेकवला. पेटला नाही. बटणातून करंट निघत होता आणि डिपरपर्यंत पोचत नव्हता. मधल्या हातभर तारेत तो कुठंतरी मरत होता.

ही तार इतर तारांबरोबर काळ्या टेपमध्ये गुंडाळून डॅशबोर्डखाली उजवीकडे, चालवणाऱ्याच्या गुडघ्यावरून जाते. मी गार झाल्यावर पुन्हा दिवे लावले आणि सीटवर आडवी होऊन त्या जुडग्यावरून बोटं फिरवत राहिले. एका ठिकाणी टेप कोमट लागली. थोड्या वेळात तिथं बोट ठेववेना. जळक्या रबराचा वास यायला लागला. मग दिवे गेले.

बॅटरी सोडवली आणि ब्लेडनं टेप चिरली. आतल्या सगळ्या तारा जुन्या कापडी वेष्टणाच्या, जाड. त्यात एक तार वेगळी होती. गुलाबी, बारीक, मांडवावर दिव्यांच्या माळा सोडायला वापरतात तसली. दिव्यांची मुख्य तार मधोमध कापलेली होती, तिची दोन टोकं आणि ती गुलाबी तार अशी तिन्ही एकत्र नुसती पिळली होती. कथलाचा डाग दिलेला नाही, काही नाही. वर टेपचे दोन वेढे. आतलं तांबं काळं पडलं होतं आणि बरेच धागे तुटून गेले होते. दोन्ही दिव्यांचा सगळा भार त्या पिळावरून जात होता.

गुलाबी तार मी हातानं चाचपत पुढं नेली. ती इंजिनच्या बाजूनं पुढच्या बंपरपर्यंत गेली आणि तिथं मोकळीच कापलेली होती. बंपरवर दोन भोकं होती.

ती भोकं बघून मला एक वरात आठवली. अपघाताआधी थोडे दिवस दाजीच्या पुतण्याच्या लग्नात वरातीसाठी त्यानं आप्पांची गाडी मागून नेली होती आणि तिला पुढं दोन मोठे पिवळे दिवे लावले होते. मी त्या लग्नात होते. मांडवाच्या बाजूला तो गाडीत आडवा होऊन तारा जोडत होता, आणि बाहेर येऊन हात पुसत सगळ्यांना सांगत होता की मेस्त्री कशाला लागतो, डोकं लागतं. वरातीनंतर त्यानं दिवे काढून नेले. पीळ तसाच ठेवला.

त्याच्याच पिळानं आप्पा खड्ड्यात गेले आणि तोच त्यांच्या गादीवर बसला.

त्या दिवशी मी फोन हातात घेतला होता. मग ठेवला. फोनवर तो काय म्हणाला असता ते मला पाठ होतं. जुनी तार हाय, कुणीबी जोडली असंल. मला त्याला असं बोलायची जागा ठेवायची नव्हती. तो चालवत असतानाच दिवे जावेत, काका मागं बसलेले असावेत, आणि मी म्हणावं, दिवे तर लागतात, दाजी. हे वाक्य मी भाजी चिरतानासुद्धा म्हणून बघायची. ते म्हटलं की तोंडाला चव यायची.

म्हणून मी तो पीळ काढला नाही. जसा होता तसा पुन्हा टेपमध्ये गुंडाळला. त्याच्या शेजारून दिव्यांसाठी नवी, वेगळी लाइन टाकली, बॅटरीकडून थेट, जाड तार, मध्ये फ्यूज आणि भार उचलणारा रिले. आणि डाव्या सीटच्या गुडघ्याशी, डॅशबोर्डच्या खाली, एक छोटं बटण बसवलं. ते एका बाजूला केलं की दिवे जुन्या तारेवर, दुसऱ्या बाजूला केलं की नव्या. पीळ तापायला किती वेळ लागतो हे मी पुन्हा पुन्हा बघून ठेवलं. मधल्या काळात दांड्याचा गिअर शिकले. एका रविवारी अर्धापूरपर्यंत जाऊन केळी घेऊन आले. गाडी छान पळत होती.

आप्पांच्या पुण्यस्मरणाला सगळे शेतावर जमतात. अव्वा आदल्या दिवशीच नातेवाइकांच्या जीपमधून पुढं गेली. मी सकाळी नांदेडहून निघाले आणि लोहा, अहमदपूर, लातूर करत दुपारी मुरुडला पोचले. गाडी शेतात शिरली तेव्हा पंगतीतले लोक उठून उभे राहिले. काका दोन्ही हातांनी बोनेटवरून हात फिरवत राहिले. दाजीनं चारी बाजूंनी चक्कर मारली.

"भारी केलीस की. कुणाकडून केलीस?"

"नांदेडलाच," मी म्हटलं.

दिवस मावळताना समाधीपुढं भजन असतं. मी गाडी समाधीसमोर लावली आणि उजेड हवा म्हणून दिवे लावले. इंजिन चालू ठेवलं. बटण जुन्या तारेवर होतं. भजनात मी टाळ वाजवत होते आणि लक्ष सगळं दिव्यांवर होतं. मला माझ्या हिशेबानं जेवढा वेळ द्यायचा होता तेवढा झाल्यावर मी उठले आणि म्हटलं, "काका, चला, हमरस्त्यापर्यंत चक्कर मारून आणते. अक्का, तूही चल."

दाजी पुढं आला. तो येणार हे मला माहीत होतं. "म्या चालवतो. गिअर अवघड असतो हिचा."

मी बाजूला झाले.

समाधीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट आमच्याच शेतातून जाते, सरळ, दोन्ही बाजूंना हरभरा. तिथं दुसरं वाहन येत नाही. दाजी चालवायला, मी डावीकडे, मागं काका आणि अक्का. अंधार पडला होता. दाजी सावकाश चालवत बोलत होता. "गाडीत दम हाय. मामांच्या हाती उगीच वाया गेली."

तेवढ्यात दिवे गेले.

त्यानं करकचून ब्रेक लावला. गाडी वाटेवरून घसरून हरभऱ्यात उतरली आणि बंद पडली. काका पुढच्या सीटवर आपटले.

"आरं, दिसंना का तुला?" काका ओरडले.

"दिवे गेले, काका. खरंच गेले. म्या काय करू?"

माझं बोट बटणावर होतं आणि वाक्य जिभेवर. मी थोडं थांबले. मला तो अंधार त्याला पुरेसा भरवायचा होता. शेजारी त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. त्यानं दिव्यांचं बटण दोनदा ओढलं, ढकललं. आणि मग त्यानं जे केलं ते माझ्या कुठल्याच बेतात नव्हतं. त्यानं उजवा हात डॅशबोर्डखाली घातला, न चाचपता, थेट त्या पिळावर नेला आणि तो हलवला. दिवे फडफडले आणि लागले.

इतके दिवस मी त्याला अडाणी समजत होते. त्याला माहीत होतं.

मी विचारलं, "दाजी, कुठं हलवायचं ते तुम्हाला कसं माहीत?"

"अंदाजानं," तो म्हणाला.

मागून अक्का बोलली. माझी ही बहीण घरात कधी मोठ्यानं बोलत नाही. "अंदाजानं न्हाई. वरातीहून येताना औशाच्या रस्त्याला आपले पण दिवे गेले होते. तवा तुम्ही असाच हात घातला होता. मला म्हणलात, घरी बोलू नको, मामा पुन्हा गाडी देणार न्हाईत."

"तू गप बस."

"लई दिवस गप बसले," अक्का म्हणाली.

मी टॉर्च लावला, खाली वाकले, टेप सोडली आणि पीळ काकांना दाखवला. गुलाबी तार दाखवली. काकांना विजेतलं काही कळत नाही, पण त्या लग्नात मांडवाच्या माळा त्यांनीच आणून दिल्या होत्या. त्यांनी तार बोटात धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"आप्पाला दिसत होतं?" त्यांनी दाजीला विचारलं.

दाजीनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मी काय इचारतोय? आप्पाला दिसत होतं का न्हाई?"

"दिसत असंल," दाजी म्हणाला.

"असंल न्हाई."

"दिसत होतं," दाजी म्हणाला. अगदी हळू. पण मी ऐकलं, काकांनी ऐकलं, अक्कानं ऐकलं.

काका म्हणाले, "उतर."

तो उतरला. मी चालवायला बसले, दिवे नव्या तारेवर घेतले आणि गाडी वाटेवर काढली. समोरची वाट दिवसासारखी झाली. तो कडेनं चालत होता. मी त्याच्याजवळून गाडी नेली तेव्हा त्यानं उजेडाला हात आडवा धरला. कुणी थांब म्हटलं नाही आणि मी थांबले नाही.

परत आल्यावर अव्वाला सगळं सांगितलं. ती वाती वळत बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अजून जरा अंधारात ठेवायचं होतंस."

काकांनी दुसऱ्या दिवसापासून दाजीला गोदामावर धाडलं. दुकानात कुणी विचारलं की ते स्वतःच सांगायचे, आप्पाला दिसत होतं, आम्हीच आंधळे. काकांनी हे उशिरा केलं आणि मी ते त्यांच्या तोंडावर बोलले. बाकीचं काम मी केलं. लातूरला जेवढ्या घरी हळदी-कुंकवाला, बारशाला, लग्नाला गेले तेवढ्या घरी ही गोष्ट सांगितली, गुलाबी तारेसकट. काही महिन्यांत गंजगोलाईतले हमालसुद्धा त्याला बघितलं की विचारायला लागले, "काय दाजी, दिवे हायत का?" हे मला फोनवर कळायचं तेव्हा मी पुन्हा सांगायला लावायचे.

अक्काचा एकदा फोन आला. "तू गेलीस नांदेडला निघून. मला त्याच घरात राहायचंय," ती म्हणाली. तो तिच्याशी बोलत नव्हता. मी म्हटलं, इकडं ये. ती आली नाही, पोरांच्या शाळा आहेत म्हणाली. आता ती महिन्यातून एकदा फोन करते आणि अव्वाची चौकशी करून ठेवते. तिच्यापुरतं मला वाईट वाटतं. त्याच्यापुरतं वाटत नाही, आणि वाटावं म्हणून मी प्रयत्नही केलेला नाही. लोक म्हणतात मनात ठेवू नये. मनात ठेवलं म्हणून तर मी तो पीळ शोधला.

मध्यंतरी उदगीरला एका लग्नात तो भेटला. वाळला होता. जेवणं झाल्यावर मी आणि अव्वा गाडीकडे निघालो तसा तो मागं आला आणि म्हणाला, स्टँडपर्यंत सोडता का, ऊन फार आहे. मागची सीट मोकळी होती. त्यावर फक्त अव्वाची पिशवी होती.

"जागा न्हाई," मी म्हटलं.

अव्वानं काच वर केली आणि आम्ही निघालो.